पहिलं सर्वेक्षण करताय? प्रश्नावली बांधण्यापासून दारात उभं राहण्यापर्यंत

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी पहिलं सर्वेक्षण मुंबईतल्या मानखुर्दच्या एका वस्तीत केलं. विषय होता बायकांचं काम आणि कमाई. माझ्या फॉर्मवरचा चौथा प्रश्न होता, "आपण कोणता व्यवसाय करता?" घरोघरी एकच उत्तर मिळत गेलं, "काही नाही, घरीच असते." मी 'गृहिणी'समोर खूण करत गेले. पाचव्या की सहाव्या दिवशी एका ताईंनी माझ्याशी बोलायला म्हणून मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. सुपात इमिटेशन दागिन्यांचे मणी होते. विचारलं तर म्हणाल्या, "हे होय? हे काय काम नाही. दुपारची बसल्या बसल्या ओवते, डझनावर पैसे देतात." परतताना मी पहिल्यांदा त्या गल्लीकडे नीट पाहिलं. कुणी तयार कपड्यांचे धागे कापत होतं, कुणी डब्यांसाठी पोळ्या लाटत होतं. माझ्या कागदांवर त्या सगळ्या गृहिणी होत्या.

फॉर्म पूर्ण भरलेले होते, एकही रकाना रिकामा नव्हता. एक्सेलमध्ये टाकले असते तर नेटका तक्ता निघाला असता आणि परीक्षकांनाही तो पटला असता. प्रश्न चुकला की उत्तर चुकतं, पण ते चुकलंय हे आकड्यांकडे बघून कधीच कळत नाही. मी त्या सगळ्या घरांत पुन्हा गेले.

तेव्हापासून मी मुंबईतल्या वेगवेगळ्या सर्वेक्षणांसाठी नव्या मुलामुलींना तयार करते. प्रबंध करणारे विद्यार्थी, संस्थेत नव्यानं लागलेले कार्यकर्ते, आपल्या वस्तीचा पाणीप्रश्न मोजून मांडू पाहणारी मंडळं, अशांना मी जे सांगते ते इथे क्रमानं लिहिते आहे.

१. आधी शेवटचे तक्ते काढा

प्रश्न लिहायला घेऊ नका. कोऱ्या कागदावर अहवालात हवे असलेले तक्ते आखा, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. 'घरी बसून काम करणाऱ्या बायका: कामाचा प्रकार आणि दिवसाची कमाई' असा तक्ता आखलात की त्याला कोणते तीन-चार प्रश्न लागतील ते आपोआप दिसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात जात नाही तो काढून टाका. जुन्या प्रबंधातून उचललेल्या फॉर्ममध्ये गावी जमीन किती, बैल किती असे प्रश्न हमखास राहून जातात. मुलाखत २५ मिनिटांच्या वर गेली की समोरच्या बाईचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे जातं, आणि ते साहजिक आहे. तो तिचा वेळ आहे.

२. विचारणार कोण, भरणार कोण

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत प्रश्नावली आणि अनुसूची असा भेद शिकवतात. उत्तरदाता स्वतः वाचून भरतो ती प्रश्नावली. तुम्ही विचारता आणि तुम्हीच भरता ती अनुसूची. परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद फील्डवर फार कामाचा ठरतो, कारण दोन्हींची भाषा वेगळी असते. एक डोळ्यांसाठी लिहायची, दुसरी कानांसाठी. छापील फॉर्मवरचे सात पर्याय वाचता येतात, पण ऐकताना तिसऱ्यानंतर पहिला विसरतो.

समोरासमोर मुलाखत: वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त लागतो, पण वस्ती, चाळ, ज्येष्ठ नागरिक, अक्षरओळख नसलेले लोक यांच्यासाठी दुसरा खरा पर्याय नाही. मण्यांचं सूप मला फोनवर दिसलं नसतं.

फोन: १०-१२ मिनिटांपर्यंत ठीक. एकदा भेटलेल्या माणसाला पुन्हा विचारण्यासाठी उत्तम. अनोळखी नंबरवरून फोन केलात तर फसवणुकीच्या भीतीनं लोक ठेवून देतात.

गूगल फॉर्म: महाविद्यालयातले विद्यार्थी, कार्यालयातले कर्मचारी अशा गटासाठी, जिथे तुमच्याकडे सगळ्यांची यादी आहे आणि सगळ्यांकडे नेट आहे. लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून "मुंबईकरांचं मत" काढायचं असेल तर कृपया थांबा.

का थांबायचं, त्याचं उदाहरण १९३६ सालचं आहे. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्या जोरावर साप्ताहिकानं एक उमेदवार, आल्फ लँडन, जिंकणार असं छापलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकून आले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींमधून घेतली होती, आणि मंदीच्या त्या काळात फोन किंवा मोटार असणं हेच वेगळेपण होतं. त्यात उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळेच निघाले. सोसायटीच्या ग्रुपवरच्या तुमच्या लिंकचं नेमकं हेच होतं. घरकामाला येणारी बाई त्या ग्रुपवर नसते.

३. किती घरं आणि कोणती

मला पहिला प्रश्न नेहमी "ताई, सॅम्पल किती घेऊ?" हाच येतो. एखाद्या गोष्टीचं प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशी निवड शंभरदा केली तर साधारण ९५ वेळा अंदाज बरोबर येईल), ५ टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेनं सांगायचं असेल तर साध्या यादृच्छिक निवडीत, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी प्रत्येकाला सारखी संधी देणाऱ्या निवडीत, ३८४ जण लागतात. १०० जण घेतलेत तर ही चूक साधारण १० टक्क्यांपर्यंत जाते. लोकसंख्या दहा हजार आहे की २०११च्या जनगणनेतल्या बृहन्मुंबईइतकी १ कोटी २४ लाख, यानं हा आकडा जवळपास हलत नाही. एकट्यानं प्रबंध करणाऱ्याला १०० ते १५० घरं पुरतात. फक्त मर्यादा स्पष्ट लिहा आणि उगाच दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे मिरवू नका.

किती यापेक्षा कोणती घरं, हे जास्त महत्त्वाचं. मतदारयादी सोपी वाटते, पण ज्यांचं नाव अजून गावच्या यादीत आहे असे भाडेकरू तिच्यात सापडत नाहीत, आणि मुंबईत ते थोडेथोडके नाहीत. म्हणून शक्य असेल तर स्वतः गल्ली-गल्ली फिरून घरांची यादी करा. दोन दिवस जातात, पण ते वाया जात नाहीत. यादी ९०० घरांची झाली आणि १५० हवी असतील तर दर सहावं घर. १ ते ६ अशा चिठ्ठ्या करून एक उचला आणि तिथून मोजायला सुरुवात करा.

यादी करताना 'एक घर' म्हणजे काय ते पक्कं ठरवा. खाली मालक, पोटमाळ्यावर भाडेकरू, शिडी बाहेरून. हे एक की दोन? जनगणनेची कसोटी वापरा: एका स्वयंपाकघरातलं जेवणारे आणि एकत्र राहणारे ते एक कुटुंब. पोटमाळ्यावर वेगळा गॅस असेल तर ते दुसरं घर.

दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊन मोकळं होऊ नका. दुपारी तीनला जी दारं उघडी असतात त्या घरांत कामाला जाणारी माणसं कमी असतात. वेगळ्या वेळी, वेगळ्या वारी, निदान तीनदा जा. घरात गेल्यावर कोणाला विचारायचं हेही आधीच ठरवा. ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्याला विचारायची पद्धत सोपी आहे, पण अनेक आजी-आजोबांना जन्मतारीख माहीत नसते. तिथे घरातल्या प्रौढांना क्रमांक देऊन चिठ्ठी काढा.

४. प्रश्न लिहा

इथे घाई करू नका. माझं एक प्रश्नपत्रक तयार व्हायला तीन आठवडे लागतात आणि त्यातले दोन आठवडे शब्द बदलण्यातच जातात.

आधी ऐका, मग लिहा. लिहिण्यापूर्वी सहा-सात जणींबरोबर चहा घेत नुसत्या गप्पा मारा आणि त्यांचे शब्द वहीत टिपा. 'उत्पन्न' हा फॉर्मवरचा शब्द आहे. घरात 'पगार', 'हप्ता', 'रोजी', 'वरचे पैसे' असं म्हणतात. "कुटुंबाचं मासिक उत्पन्न किती?" असं विचारलंत की नवऱ्याचा पगार सांगितला जातो, आणि मुलाचे डिलिव्हरीचे पैसे, सासऱ्यांची पेन्शन, पोटमाळ्याचं भाडं गळतं. एकेका माणसाचं नाव घेऊन विचारा आणि बेरीज तुम्ही करा.

कामाच्या प्रश्नात मी बदल केला तो असा: "गेल्या ३० दिवसांत घरी बसून पैशांसाठी यांतलं काही केलंत का?" आणि मग एकेक वाचायचं: मणी ओवणं, धागे कापणं, शिवण, डबे, पोळ्या किंवा पापड लाटून देणं, दुसऱ्याची मुलं सांभाळणं, शिकवणी. "हो" आलं की डझनामागे किती, दिवसाला किती डझन, पैसे कधी मिळतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात (केंद्र सरकारच्या देशभरातल्या घरांच्या पाहणीत) घर सांभाळणाऱ्यांसाठीही दोन वेगळे संकेतांक आहेत: ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी शिवण-विणकाम, सरपण, चारा वगैरे. पैशांवर मणी ओवणारी या दोन्हींत बसत नाही, ती स्वयंरोजगारातच मोजायची. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर ते फॉर्म वाया गेले नसते.

मत विचारण्याआधी घटना विचारा. "पाणी पुरेसं मिळतं का?" याला वस्तीत "मिळतं की" असं उत्तर येतं, कारण माणसं आहे त्यात भागवायला शिकलेली असतात. त्याऐवजी: "काल नळाला पाणी किती वाजता आलं? किती वेळ होतं? किती हंडे, किती ड्रम भरले? विकत घ्यावं लागलं का?" या चार उत्तरांतून जे चित्र उभं राहतं ते पालिकेच्या बैठकीत मांडता येतं.

आठवणीची मुदत ठरवा. भाजी, अंडी, मासे ७ दिवसांचे, रेशन आणि वीजबिल ३० दिवसांचं, कपडे-चपला आणि शाळेची फी वर्षाची, असं विचारलं तर माणूस आठवून सांगू शकतो. मुदत ही किरकोळ बाब नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत खाण्यावरचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारीशेजारी विचारला गेला. त्यावरून निघालेला गरिबीचा आकडा आधीच्या फेरीशी ताडून पाहता येतो का, यावर देशातल्या अर्थतज्ज्ञांचा वर्षानुवर्षं वाद चालला.

आणखी काही सापळे, जे मी जवळपास प्रत्येक पहिल्या मसुद्यात पाहते:

- एका प्रश्नात दोन गोष्टी. "दवाखाना जवळ आणि चांगला आहे का?" जवळ आहे पण चांगला नाही, त्या माणसानं काय सांगायचं?
- उत्तर सुचवणारा प्रश्न. "कचऱ्यामुळे त्रास होत असेल ना?" याला "नाही" कोण म्हणेल!
- एकमेकांवर चढणारे गट. १८-२५, २५-३५ असं लिहिलंत तर २५ वर्षांची मुलगी दोन्हीकडे जाते. १८-२४, २५-३४ असं लिहा.
- 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'सांगायचं नाही' यांना एकच रिकामा रकाना. तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, संकेतांकही वेगळे द्या.
- 'नेहमी', 'कधीकधी', 'क्वचित'. माझं कधीकधी आणि तुमचं कधीकधी एक नसतं. आठवड्यातून किती वेळा ते विचारा.

सहमती मोजणारी, लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाची पाच टप्प्यांची मापनश्रेणी (१९३२ पासून ती जगभर वापरात आहे) कागदावर उत्तम चालते. तोंडी मात्र "पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ…" वाचायला लागलात की समोरची व्यक्ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून "हो" म्हणते. दोन पायऱ्या करा. आधी, "हे तुम्हाला पटतं की नाही?" मग, "अगदी पटतं की थोडंफार?"

५. क्रम लावा

सोपं आणि जवळचं आधी: घरात कोण कोण, मुलं कितवीत. पैसे, कर्ज, जात, आजार हे शेवटाकडे, तोवर ओळख झालेली असते.

मुंबईच्या वस्त्यांत एक प्रश्न फार जपून विचारावा लागतो: "इथे कधीपासून राहता?" झोपडपट्टी पुनर्वसनात (एसआरए) मोफत घराची पात्रता १ जानेवारी २००० या तारखेवर ठरते. त्यामुळे हातात पॅड घेतलेला कुणीही हा प्रश्न विचारायला लागला की तो 'बिल्डरचा माणूस' किंवा 'एसआरएचा सर्व्हे' ठरतो, आणि उत्तर त्या तारखेच्या आधीचंच येतं. त्यात लोकांचं काही चुकत नाही, त्यांचं घर पणाला लागलेलं असतं. तुमच्या तक्त्याला या उत्तराची गरज नसेल तर विचारूच नका. असेल तर शेवटी विचारा, 'दहा वर्षांपेक्षा कमी की जास्त' इतक्यावर भागवा, आणि फोटोपास (झोपडीधारकाला मिळणारं ओळखपत्र), वीजबिल, आधार यांतला एकही कागद पाहायला मागू नका. 'झोपडपट्टी' हा शब्द फॉर्मवर ठेवू नका. 'वस्ती' म्हणा, नाहीतर नुसतं 'इथे'.

६. दुसऱ्या भाषेत न्या

फॉर्म मराठीत असला तरी हिंदी लागणारच, कुठे गुजराती, कुठे उर्दू. मुलाखत घेताना मनातल्या मनात भाषांतर करायची मुभा कुणालाही देऊ नका. चार जण चार वेगळे प्रश्न विचारतील. एकानं मराठीतून हिंदीत न्यायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत मराठीत आणायचं. जिथे दोन मराठी वाक्यं जुळत नाहीत तिथे शब्द बदला.

७. पूर्वचाचणी

दहा-पंधरा घरं, नमुन्यातली नसलेली पण तशाच वस्तीतली. घड्याळ लावून बसा. "म्हणजे?" असं जिथे विचारलं जाईल तिथे खूण करा. मुलाखत संपली की विचारा, "मी घरखर्च म्हटलं तेव्हा तुम्ही काय काय धरलंत?" एका काकूंनी त्यात गावी पाठवायचे पैसे धरले होते, दुसऱ्यांनी नव्हते. तो प्रश्न त्याच रात्री दोन प्रश्नांत फुटला. वेळ नाही म्हणून ही पायरी गाळणारे नंतर कितीतरी जास्त वेळ घालवतात.

८. कागद आणि सामान

- महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं शिक्क्याचं पत्र आणि गळ्यातलं ओळखपत्र.
- नैतिक समितीची (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातं का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, तुमच्या संस्थेत लागत असेल तर. अर्ज लवकर करा.
- संमतीपत्र, मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात: कशासाठी, किती वेळ, नको तो प्रश्न सोडता येईल, मधेच थांबता येईल. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती वेगळी.
- घरांची यादी, गल्लीचा हातानं काढलेला नकाशा, भेटींची नोंदवही.
- पर्यायांची कार्डं, मोठ्या अक्षरांत किंवा चित्रांत.
- मोबाईलवर भरणार असाल तर कोबो टूलबॉक्ससारखं साधन. नेट नसताना भरता येतं आणि रेंज आल्यावर पाठवता येतं. 'नाही' उत्तर आलं की पुढचे चार प्रश्न आपोआप गाळता येतात.
- पॉवर बँक, पाण्याची बाटली, पावसाळ्यात जाड प्लास्टिकची पिशवी. सोबत दहा-बारा कोरे कागदी फॉर्म ठेवाच.

नावं आणि उत्तरं एकाच फाइलमध्ये ठेवू नका. फॉर्मवर फक्त क्रमांक. क्रमांक कोणाचा ते दुसऱ्या कुलूपबंद यादीत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला, पण त्याआधीही हे आपलं कर्तव्यच होतं.

९. दारात

वेळ सांभाळा. नळाला पाणी येण्याच्या तासात कुणाच्या दारात उभं राहू नका. शाळा सुटायची वेळ आणि रात्रीच्या स्वयंपाकाची वेळही टाळा. मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी चाळ कोकणात असते, तेव्हाचं सर्वेक्षण म्हणजे मागे राहिलेल्यांचं सर्वेक्षण. सोसायट्यांमध्ये वॉचमनशी हुज्जत घालू नका. सेक्रेटरींना पत्र देऊन आठवडाभर आधी परवानगी घ्या.

ओळखीसाठी अंगणवाडी सेविका किंवा आरोग्यसेविका सोबत आली तर दारं लवकर उघडतात. पण ती शेजारी बसलेली असताना "अंगणवाडीत खाऊ नीट मिळतो का?" याला खरं उत्तर मिळणार नाही. ओळख झाली की त्यांचे आभार मानून एकटे पुढे जा.

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत मिळत नाही. सासूबाई समोर असतात, शेजारीण दारात टेकलेली असते. सासूबाईंना दुखवू नका, त्यांनाही दोन-चार प्रश्न विचारा, मग म्हणा, "आता सुनबाईंना विचारते, त्यांचं वेगळं लिहायचंय." मारहाण, गर्भपात, कर्ज असे प्रश्न इतरांसमोर अजिबात विचारायचे नाहीत. जागा नसेल तर तो भाग कोरा सोडा आणि का सोडला ते लिहा. कुणी रडू लागलं तर पेन खाली ठेवा. मदतीचे हेल्पलाइन क्रमांक छापलेला एक कागद अशा विषयांत आधीपासून पिशवीत हवा.

मदतीचं आश्वासन देऊ नका. "यानं आम्हाला काय मिळणार?" असं विचारलं जाईलच. खरं सांगा: पैसे नाहीत, योजना नाही, अहवाल झाला की तुम्हाला आणून दाखवीन.

१०. त्याच संध्याकाळी

घरी जाण्याआधी, निदान ट्रेनमध्ये, दिवसाचे फॉर्म तपासा. वय ३२ आणि मुलगा २४ वर्षांचा, अशा विसंगती त्याच दिवशी सुटतात. आठवड्यानं तो चेहराही आठवत नाही. टीम असेल तर दर दहा घरांतल्या एकाला दुसऱ्यानं फोन करून तीन-चार प्रश्न पुन्हा विचारावेत. घरी बसून भरलेले फॉर्म यातच सापडतात. असा प्रकार झाला तर आधी विचारा की दिवसाला किती घरांची सक्ती केली होती. मुंबईतल्या वस्तीत एका माणसाला दिवसाला सहा-सात नीट मुलाखती जमतात, पंधरा नाही.

संकेतांकांची वही (कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिला त्याची) पहिल्याच दिवशी सुरू करा आणि मूळ फाइलला कधी हात लावू नका. तारीख घालून प्रत काढा आणि दुरुस्त्या तिच्यात करा.

अहवाल झाल्यावर एक पान, मराठीत आणि हिंदीत, वस्तीत परत न्या. मी मानखुर्दला नेलं तेव्हा महिला मंडळाच्या खोलीत वीसेक जणी जमल्या होत्या. मणी ओवण्याची दिवसाची कमाई मी वाचून दाखवली. सूपवाल्या ताईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "यात दोरा आमचा असतो, ते धरलंय का?" धरलं नव्हतं. पुढच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न आहे: "सामान कोणाचं? दोरा, सुई, वीज यांवर स्वतःचे किती जातात?"